ज्या विद्यापीठाने स्वतःचा फुटबॉल संघ स्वतःच बंद केला: शिकागो मरून्स

हाइडपार्ककर

शिकागोतल्या मराठी मंडळींना बेअर्स हा शहराचा व्यावसायिक फुटबॉल संघ ठाऊक असतो. पण बेअर्सच्या हेल्मेटवर दिसतो तसा लांबट 'सी' आणि 'मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे' हे बिरुद, दोन्ही आधी शिकागो विद्यापीठाच्या संघाकडे, म्हणजे मरून्सकडे होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मिडवे म्हणजे १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातून उरलेला, विद्यापीठाच्या दक्षिणेकडचा रुंद हिरवा पट्टा. आपल्या मंचावर दरवर्षी एनएफएलचे (व्यावसायिक फुटबॉल लीगचे) धागे निघतात, कॉलेज फुटबॉलवर कधीतरी मिशिगन किंवा ओहायो स्टेटबद्दल चार ओळी येतात. मरून्सबद्दल एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. (हा सगळा धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे. सॉकरवाल्यांनी नाराज होऊ नये.)

विद्यापीठाची स्थापना १८९० मध्ये रॉकफेलरच्या पैशातून झाली आणि वर्ग १८९२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे मूळचे हिब्रूचे पंडित. येलमध्ये शिकवताना एमॉस अलोंझो स्टॅग हा त्यांचा विद्यार्थी होता. धर्मोपदेशक व्हायला आलेला आणि मैदानावर गाजलेला. १८८९ च्या पहिल्यावहिल्या ऑल-अमेरिका संघात, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत, त्याचं नाव होतं. हार्परनी त्याला शिकागोत आणलं ते साधा प्रशिक्षक म्हणून नव्हे. सहयोगी प्राध्यापकाचं पद, शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आणि कायम नोकरी असं सगळं दिलं. खेळ शिकवणाऱ्याला असा मान तेव्हा कुठेच मिळत नव्हता. हार्परना देशभर जाऊन मोठमोठ्या कॉलेजांना हरवणारा संघ हवा होता, कारण नव्या विद्यापीठाचं नाव व्हायचं तर वर्तमानपत्रात यायला हवं आणि सर्वात लवकर छापून येतो तो खेळ, हे त्यांनी ओळखलं होतं. पहिल्या वर्षी मुलं पुरेशी नव्हती म्हणून स्टॅग स्वतः संघातून खेळला.

पुढे तो तिथे ४१ हंगाम राहिला. १८९६ मध्ये ज्या सात विद्यापीठांनी मिळून आजच्या 'बिग टेन' या आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा (कॉन्फरन्सचा) पाया घातला त्यात शिकागो होतं. त्या कॉन्फरन्सची सात विजेतेपदं शिकागोकडे आली: १८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२ आणि १९२४. जर्सीवरचे आकडे, टॅकलचा (चेंडू घेतलेल्याला धरून पाडण्याचा) सराव करायचा पुतळा, चाल सुरू होण्याआधी गोल करून उभं राहणं म्हणजे हडल, अशा कितीतरी गोष्टींचं श्रेय स्टॅगला दिलं जातं. हडलवर वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाचाही दावा आहे आणि मला तो जास्त पटतो: समोरच्या संघाला आपल्या खुणा दिसू नयेत म्हणून त्यांनी घोळका केला.

सर्वात मोठा दिवस ३० नोव्हेंबर १९०५. थँक्सगिव्हिंग. समोर मिशिगन. प्रशिक्षक फील्डिंग योस्टचा हा संघ १९०१ पासून ५६ सामने हरला नव्हता आणि त्या हंगामात त्यांच्याविरुद्ध एकही गुण झाला नव्हता. सामना २-० असा सुटला. शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलची लांब किक मिशिगनच्या क्लार्कने आपल्याच गोलरेषेमागे घेतली, चेंडू घेऊन तो बाहेर धावला आणि शिकागोच्या खेळाडूंनी त्याला उचलून परत रेषेमागे नेलं. त्याला सेफ्टी म्हणतात, त्याचे दोन गुण. पूर्ण सामन्यात दुसरं काहीच झालं नाही.

पण त्याच महिन्यात 'कॉलियर्स' साप्ताहिकात लेखमाला येत होती. मिडवेस्टची विद्यापीठं फुटबॉलसाठी मुलं कशी विकत घेतात, अभ्यासात कच्च्या खेळाडूंना कसं सांभाळून घेतात, याची. त्यात शिकागोचं नाव ठळक होतं. एकरसॉल पदवी न घेताच बाहेर पडला, पुढे 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये खेळावर लिहू लागला. म्हणजे ज्या रोगाबद्दल पुढे १९३९ मध्ये संघ बंद करताना बोललं गेलं, तो संघाच्या ऐन भरात अंगात होता.

१९२० च्या दशकात वारं फिरलं. १९२२ ला प्रिन्स्टन शिकागोत येऊन २१-१८ ने जिंकून गेलं. लांब पल्ल्याच्या रेडिओवरून दूरदेशी ऐकवलेला पहिला कॉलेज सामना म्हणून तो लक्षात ठेवला जातो. १९२४ ला गाजलेल्या रेड ग्रेंजच्या इलिनॉय संघाला २१-२१ वर रोखलं आणि शेवटचं विजेतेपद आलं. त्यानंतर उतरण. राज्य सरकारांच्या पैशावर चालणारी विद्यापीठं हजारो मुलांची झाली, त्यांची प्रचंड स्टेडियम उभी राहिली. शिकागोत पदवीची मुलं थोडी, संशोधन करणारी जास्त.

१९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स तिसाव्या वर्षी अध्यक्ष झाले. १९३१ पासून पदवीचा अभ्यासक्रम बदलला: वर्गात हजेरीची सक्ती नाही, पण शेवटी सर्वंकष परीक्षा. शारीरिक शिक्षणात पदवी घ्यायची सोय नाही. खेळाडूला लपायला जागाच उरली नाही. १९३२ च्या हंगामानंतर सत्तरी गाठलेल्या स्टॅगना निवृत्त केलं. मग १९३९: हार्वर्डकडून ६१-०, मिशिगनकडून ८५-०, व्हर्जिनियाकडून ४७-०, ओहायो स्टेटकडून ६१-०, इलिनॉयकडून ४६-०. २१ डिसेंबरला विश्वस्तांनी ठराव केला: फुटबॉल बंद.

माझं म्हणणं एवढंच आहे की संघ ८५-० मुळे मेला नाही. विद्यापीठाने आपण कोणती मुलं घ्यायची आणि त्यांच्याकडून काय मागायचं हे आठ वर्षं आधी ठरवलं, तेव्हाच तो निकाल लागला होता. १९३९ ला फक्त तो कागदावर आला. आणि माझ्या मते निकाल बरोबर होता. एकदा ठरवलं की खोटेपणा करायचा नाही, तर दुसरा रस्ता नव्हता.

ऍन आर्बरकर

उत्तम लेख. मिशिगनचा माणूस म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली: ८५-० च्या दिवशी मिशिगनचे प्रशिक्षक होते फ्रिट्झ क्रिसलर. हे क्रिसलर शिकागोचेच, स्टॅगच्या हाताखाली खेळलेले. त्यांचं खरं नाव हर्बर्ट. फ्रिट्झ क्राइसलर या प्रख्यात व्हायोलिनवादकाच्या नावावरून स्टॅगनीच त्यांना फ्रिट्झ म्हणायला सुरुवात केली. गुरूच्या घरच्या मैदानावर शिष्याने असा गुणफलक लावला, हे वाचताना मला आमच्या विजयाचा आनंद होत नाही. नोटर डेम विद्यापीठात नामांकित नूट रॉक्नीच्या आधी जे प्रशिक्षक होते ते जेसी हार्परसुद्धा शिकागोचेच खेळाडू. म्हणजे मूळ लेखातला संघ टीव्हीवर नाही, पण त्याची विद्या गावोगाव पसरली.

दुसरी: १९०५ च्या हंगामात खेळताना तरुण मुलं मेली होती, अध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं होतं. त्या वादळातून १९०६ मध्ये पुढे चेंडू फेकायची परवानगी म्हणजे फॉरवर्ड पास आला. आपल्या कॉन्फरन्सनेही सामने कमी केले, खेळाडूला तीनच वर्षं खेळायची मुभा ठेवली. मिशिगनला ते मान्य झालं नाही, १९०७ मध्ये ते बाहेर पडले ते १९१७ मध्ये परतले. या बाबतीत शिकागो आमच्यापेक्षा शहाणं निघालं हे मोकळेपणाने मान्य करतो.

सायली_न

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी एका बैठकीत वाचलं. एक शंका. बिग टेनमध्ये टिकाव लागत नव्हता तर लहान कॉलेजांशी खेळायचं. संघच बंद कशाला करायचा? मुलांना खेळू द्यायला काय हरकत होती?

निवृत्त मास्तर

सायलीताईंनी नेमकं बोट ठेवलं. मी महाराष्ट्रात ३० वर्षांहून जास्त काळ कॉलेजात शिकवलं आणि जिमखान्याचं कामही सांभाळलं, त्यामुळे मला हचिन्सचा निर्णय पटत नाही.

हाइडपार्ककर, तुम्ही म्हणता दुसरा रस्ता नव्हता. होता की. १९३९ च्या त्याच हंगामात या संघाने वॉबॅश आणि ओबर्लिन या छोट्या कॉलेजांना हरवलं. म्हणजे त्या मुलांची पातळी तीच होती आणि त्या पातळीवर ती लढत होती. अशी सहा-सात कॉलेजं बघून वेळापत्रक आखलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? हचिन्सना हवा होता तो देशाला ऐकू जाईल असा निर्णय. डिसेंबर १९३८ मध्येच त्यांनी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये तिकिटांच्या पैशावर चालणाऱ्या कॉलेज खेळांवर जोरदार लेख लिहिला होता. त्यातला प्रत्येक मुद्दा मला मान्य आहे. पण त्या मुद्द्यांचं उत्तर तिकिटं बंद करणं हे होतं, खेळ बंद करणं हे नव्हतं.

आणि स्टॅगसारख्या माणसाला वयाचा नियम लावून बाजूला करणं मला आजही खटकतं. दुसरं काम देऊ केलं होतं म्हणतात, त्यांनी नाकारलं. नाकारणारच. सत्तराव्या वर्षी ते कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेले आणि १९४६ पर्यंत तिथे प्रशिक्षक राहिले. १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, त्यांना वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक निवडलं. ज्याला म्हातारा ठरवून घालवलं त्याच्यात अजून चौदा हंगाम शिल्लक होते. १९३८ च्या नोव्हेंबरात हाच माणूस आपल्या नव्या संघाला घेऊन स्टॅग फील्डवर आला, स्वतःचं नाव असलेल्या मैदानावर, आणि शिकागोला ३२-० ने हरवून गेला. १९६५ मध्ये १०२ व्या वर्षी वारले. त्यांच्या ३१४ विजयांचा विक्रम १९८१ पर्यंत टिकला, मग अलाबामाच्या बेअर ब्रायंटनी तो ओलांडला.

हाइडपार्ककर

मास्तर, नमस्कार. स्टॅगच्या निवृत्तीबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. तो नियम होता, पण नियम राबवताना माणूस बघायला हवा होता.

सायलीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. लहान कॉलेजांशी खेळायचं तर बिग टेन सोडायला लागणार. शिकागोत माजी विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग असा होता की त्यांना एकरसॉल आठवत होता, १९३५ चा गाजलेला खेळाडू बर्वँगर आठवत होता. त्यांनी दरवर्षी विचारलं असतं, वर कधी जाणार? एकाला शिष्यवृत्ती द्या, दुसऱ्याला नोकरी द्या, अभ्यासात जरा सैल सोडा. १९०५ मध्ये जे झालं ते पुन्हा दाराशी आलं असतं. हचिन्सनी जानेवारी १९४० मध्ये विद्यार्थ्यांसमोर उभं राहून स्वतः कारणं सांगितली, ठराव पाठवून मोकळे झाले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक. बंद झाला तो आंतरविद्यापीठ फुटबॉल. बाकीचे खेळ चालू राहिले, विद्यार्थ्यांच्या आपापसातल्या सामन्यांवर भर आला. कॉन्फरन्समधून तर शिकागो बाहेर पडलं ते १९४६ मध्ये.

रानवारा

बर्वँगरचं नाव आलंच आहे तर तो राहून जायला नको. जे बर्वँगर, आयोवातल्या डुब्यूकचा. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ऍथलेटिक क्लबने कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला चषक द्यायला सुरुवात केली. पहिला मानकरी बर्वँगर. पुढच्या वर्षी क्लबचे संचालक जॉन हाइझमन वारले आणि चषकाला त्यांचं नाव मिळालं. म्हणजे आज सगळा देश ज्या हाइझमनसाठी डिसेंबरात टीव्हीसमोर बसतो त्याचा पहिला विजेता अशा विद्यापीठाचा आहे ज्याने चारच वर्षांत संघ गुंडाळला. त्या हंगामात शिकागो चार सामने जिंकलं, चार हरलं. एवढ्या साधारण संघातून त्याला निवडलं, यावरून तो एकटा काय खेळत असेल याचा अंदाज करा. तो धावायचा, फेकायचा, किक मारायचा, बचावात टॅकलही करायचा.

१९३६ ला एनएफएलचा पहिला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडणं, झाला, त्यातही पहिलं नाव त्याचंच. फिलाडेल्फिया ईगल्सनी निवडलं, हक्क बेअर्सच्या जॉर्ज हॅलसकडे गेले. बर्वँगरने दोन वर्षांचे २५,००० डॉलर मागितले. हॅलसना ते जास्त वाटले. बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल एकही दिवस खेळला नाही, उद्योगात शिरला आणि तिथे चांगलं नाव कमावलं. मंदीच्या काळात एनएफएल म्हणजे भरवशाचा धंदा नव्हता हे लक्षात घेतलं की त्याचा हिशोब चोख वाटतो. तो चषक त्याच्या मावशीकडे बराच काळ दार अडकवायला वापरला जात होता. आता तो विद्यापीठाच्या रॅटनर क्रीडासंकुलात आहे.

मिशिगनवाल्यांसाठी: १९३४ च्या सामन्यात बर्वँगरला टॅकल करताना तुमच्या एका खेळाडूच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली, तिचा व्रण कायम राहिला. तो खेळाडू जेराल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष.

ऍन आर्बरकर

फोर्ड यांची ४८ नंबरची जर्सी आमच्याकडे निवृत्त केली आहे. तो व्रण ते अभिमानाने दाखवत असत.

रानवारा, बर्वँगरचे प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी यांच्याबद्दलही लिहायला हवं. शिकागोतला तो ८५-० चा हंगाम त्यांचाच. संघ बंद झाल्यावर ते स्टॅनफर्डला गेले आणि शिकागोत असताना बेअर्सबरोबर बसून घासूनपुसून तयार केलेली टी-फॉर्मेशन ही खेळाडू उभे करायची रचना तिथे लावली. १९४० मध्ये स्टॅनफर्ड एकही सामना हरलं नाही, रोझ बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामनाही जिंकलं. त्याच डिसेंबरात बेअर्सनी तीच रचना वापरून एनएफएलच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ७३-० ने धुतलं. आधीच्या वर्षी हरलेला माणूस आणि पुढच्या वर्षी अख्ख्या खेळाचा चेहरा बदलणारा माणूस एकच. संघात कोण आहे यावर किती अवलंबून असतं, हे हाइडपार्ककरांच्या मुद्द्यालाच बळ देणारं आहे.

किरणोत्सारी

मी भौतिकशास्त्राचा माणूस, त्यामुळे मला हे मैदान वेगळ्या कारणाने माहीत आहे. २ डिसेंबर १९४२, दुपारी ३ वाजून २५ मिनिटं. स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागॅलरीखाली एक बंदिस्त रॅकेट कोर्ट होतं. तिथे एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटांचे ५७ थर रचून त्यात युरेनियम बसवलं होतं. माणसाने सुरू केलेली, स्वतः चालू राहणारी आणि हवी तेव्हा थांबवता येणारी पहिली अणुविखंडनाची साखळी प्रक्रिया त्या दिवशी तिथे चालली. शक्ती किती, तर अर्धा वॅट. २८ मिनिटांनी फर्मीनी ती थांबवली.

मूळ बेत शहराबाहेर आर्गॉनच्या जंगलात करायचा होता, पण तिथलं बांधकाम संपामुळे रखडलं. प्रकल्पाचे प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांनी भरवस्तीत प्रयोग करायची परवानगी हचिन्सना विचारलीच नाही. त्यांनी नंतर लिहिलं आहे की विचारलं असतं तर हचिन्सना नाही म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फुटबॉलवर ज्या अध्यक्षाचा शब्द शेवटचा ठरला, त्याच्याच मैदानाखाली काय चाललंय हे त्याला विचारून झालं नाही. मैदानाची जुनी गॅलरी १९५७ मध्ये पाडली. त्या जागी आता रेगेन्स्टाइन ग्रंथालय आहे, १९७० मध्ये उघडलेलं, आणि शेजारी हेन्री मूरचं ब्राँझचं शिल्प.

हचिन्सबद्दल मास्तरांनी थोडं कडक लिहिलं आहे म्हणून सांगतो. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ मध्ये शिकागो विद्यापीठात आले ते हचिन्स अध्यक्ष असताना. एका डीनने त्यांच्या कातडीच्या रंगामुळे त्यांनी कँपसवर शिकवू नये असा सूर काढला तेव्हा हचिन्सनी तो ठामपणे मोडून काढला. चंद्रशेखर १९९५ पर्यंत, अखेरपर्यंत, तिथेच राहिले. कुणाला विद्यापीठात जागा द्यायची याबद्दल हचिन्सचे विचार ठाम होते आणि त्याचा फायदा आपल्या माणसाला झाला.

निवृत्त मास्तर

किरणोत्सारी, चंद्रशेखरांची हकीकत मोलाची. हचिन्स मोठा माणूस होता यात वाद नाहीच. माझा वाद एका निर्णयापुरता.

आणि त्यावर माझा शेवटचा मुद्दा. फुटबॉल शिकागोत परत आला ना? हाइडपार्ककरांनी ते लिहिलं नाही.

हाइडपार्ककर

आला, आणि तुमच्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा तोच आहे. १९५६ मध्ये वॉल्टर हास क्रीडासंचालक म्हणून आले. त्यांनी फुटबॉलचा एक वर्ग सुरू केला, मग हळूच बाहेरच्या कॉलेजांशी सामने. नोव्हेंबर १९६३ मध्ये नॉर्थ सेंट्रल कॉलेजविरुद्ध सामना होता तेव्हा विद्यार्थी मैदानाच्या मधोमध जाऊन बसले, सामना अडवला, पोलीस आले. हचिन्सना जाऊन तेव्हा एक तप उलटलं होतं. त्या मुलांपैकी कुणी १९३९ बघितलं नव्हतं, तरी त्यांना भीती हीच होती की एकदा दार उघडलं की जुना बाजार परत येईल.

१९६९ मध्ये अधिकृत संघ परतला. तो आज एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) तिसऱ्या श्रेणीत खेळतो. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, त्यामुळे संघातला प्रत्येक मुलगा इतरांसारखाच प्रवेश घेऊन आलेला असतो आणि सोमवारी त्याचीही गृहपाठाची मुदत असते. नवं स्टॅग फील्ड कॉटेज ग्रोव्हला आहे, छोटंसं.

म्हणजे तुम्ही १९३९ साठी सुचवलेला मार्ग ३० वर्षांनी खरोखर घेतला गेला आणि यशस्वी झाला. मला फक्त असं वाटतं की मधली ती ३० वर्षं गेल्याशिवाय तो मार्ग उघडला नसता. वर जायची आस धरणारी पिढी मागे पडावी लागली.

निवृत्त मास्तर

त्या ३० वर्षांत जी मुलं शिकली त्यांच्यापैकी ज्यांना खेळायचं होतं त्यांचं काय? त्यांनी 'कॉलियर्स'मधला एकही गुन्हा केला नव्हता.

सायली_न

मास्तरांशी सहमत. आणि तरी १९६३ ला मैदानात बसलेल्या मुलांचंही मला पटतंय. हाइडपार्ककर, या मोसमात तिथे घरचा सामना कधी आहे ते इथे टाकाल का? आम्ही नेपरव्हिलहून दोन-तीन कुटुंबं येऊ शकू. नियम ऍन आर्बरकरांनी समजावून सांगायचे.

ऍन आर्बरकर

येतो. पण मिशिगनचा सामना नसलेला शनिवार बघा.